जीपची चौकट

दार तयार झालं, की काकाजी बायकोला भांडायला बोलावत.

"ये वो, भांडाले ये!" अशी अंगणातून हाक यायची आणि काकी हातातलं काम टाकून बाहेर येत. नवं दार चौकटीसकट अंगणातल्या दोन खांबांना बांधून उभं केलेलं असे. एका अंगाला काकी, दुसऱ्या अंगाला काकाजी. काकींनी मनात जुनं काहीतरी आठवायचं, चांगलं रागवायचं आणि दार धाडकन लावायचं. काकाजी डोळे मिटून तो आवाज ऐकत. "नाई. राग अंदरच राह्यला," असं म्हणून ते पुन्हा रंधा घेऊन बसत. मग दोन दिवसांनी परत भांडण. ज्या दिवशी आवाज मनासारखा येई त्या दिवशी ते काकींना विचारत, "आता कसं वाटते?" काकींनी "हलकं वाटते" म्हटलं, की दार गिऱ्हाइकाच्या घरी जायला मोकळं. काकींचा सगळा संताप अशा रीतीनं गावातल्या साठ-सत्तर दारांमध्ये वाटला गेला होता. म्हणूनच की काय, इतकी शांत बाई मी पुढे आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

काकाजी गावचे वाढई. पुण्यामुंबईकडे ज्याला सुतार म्हणतात त्याला आमच्याकडे वाढई म्हणतात. मी त्या गावात नर्स म्हणून गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं काही कळतं अशी माझी खात्री होती. देवळीच्या पुढे बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, तासाभराच्या वाटेवरचं गाव. दोन खोल्यांचा दवाखाना आणि मागे माझी एक खोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा वर्ध्याहून येत. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे मीच.

जाऊन चार दिवस झाले असतील. सकाळी एक बुटका, खांदे रुंद असलेला म्हातारा न विचारता ओट्यावर चढला आणि माझ्या खोलीचं दार उघडू-लावू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मी आतून ओरडले, "कोण आहे?" तर म्हणाला, "दार पाहून राह्यलो." मग कडीवरून अंगठा फिरवून त्यानं मला नीट न्याहाळलं.

"तुमी भेता का, बाई?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

"मंग कडी इतक्या जोरानं काऊन ठोकता? चार दिवसांत लोखंड घासलं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्यानं, म्हणजे काकाजींनी, दाराला आतून एक जाड अडसर बसवला. त्या दिवसापासून मला तिथे झोप लागू लागली.

कुणाच्याही घरी गेले की त्यांची ही पद्धत ठरलेली होती. राम राम नंतर, आधी दार. दोन-तीनदा उघडून लावून ते त्या घराचं भविष्य सांगावं तशा थाटात वर्तमान सांगत. "सून आली वाट्टे घरात, कडी खालून घासली. बुटकी हाये का?" सून खरोखरच बुटकी असे. एका घरी त्यांनी सांगितलं, की तुमचा मोठा पोरगा उशिरा घरी येतो आणि आवाज होऊ नये म्हणून दार उचलून लावतो. त्या घरात त्यानंतर जो गोंधळ झाला त्याबद्दल काकाजींना जराही वाईट वाटलं नाही. "म्या दाराचं सांगतलं," ते म्हणाले, "पोराचं नाई सांगतलं."

माप घ्यायला त्यांच्याकडे फूटपट्टी नव्हती. होती ती सुताची दोरी. प्रत्येक दाराची वेगळी दोरी, उंचीची गाठ वेगळी, रुंदीची गाठ वेगळी. त्यांच्या पडवीत खुंट्यांवर अशा कितीतरी दोऱ्या लोंबत असत आणि कुठली दोरी कुणाच्या घराची हे त्यांना हातात धरताच कळे. काकी झाडताना चुकून दोन दोऱ्या अदलाबदल करत तेव्हा ते म्हणत, "बुढे, पाटलाले कोंबड्याच्या खुराड्यात निजवतं का?"

पण त्यांच्या सगळ्या मतांमधलं मुख्य मत दार कुठल्या बाजूला उघडावं याबद्दल होतं. दार आतच उघडलं पाहिजे. यात त्यांना कुणाचं काही ऐकायचं नसे. "पाहुना आला का दारानं मांगं सरून त्याले जागा द्या लागते. बाहीर उघडणारं दार पाहुन्याच्या छातीवर जाते. थे दार नोहे, बाई, थो धक्का हाये." गावात बाहेर उघडणारं एकच दार होतं, एका व्यापाऱ्याच्या गोदामाचं. ते परगावच्या वाढईनं केलेलं. त्या गल्लीतून जाताना काकाजी मान दुसरीकडे वळवत.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी दवाखान्याला जीप मिळाली. महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या जिपा त्या काळात सरकारी खात्यांतून फिरत होत्या, त्यातलीच ती एक. वर कापडी छत, समोर काच, आणि बाकी तिन्ही बाजूंनी मोकळी. अडलेल्या बाईला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोचवायचं, एवढ्या एका कामासाठी ती आम्हाला दिली होती. बंडीनं वर्धा गाठायला अर्धा दिवस जाई आणि अडलेल्या बाळंतपणात अर्धा दिवस फार असतो. मागल्या पावसाळ्यात एक बाई माझ्या हातावर, बंडीतच गेली होती. तिचं नाव मी आजही विसरलेले नाही. म्हणून जीप आली त्या दिवशी मी स्वतः तिच्या चाकांना हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

आणि दोन महिने एकही बाई त्या जीपमध्ये बसली नाही.

कारण साधं होतं आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. "मायबाई, अशी उघडी मिरवत न्याची का सूनले, सासऱ्यासमोरून, साऱ्या गावासमोरून?" एका सासूबाईंनी मला स्पष्ट विचारलं. "बंडीले आडोशाले तट्ट्या तं असते. तुमच्या गाडीले काय हाये? वारा!" कळा सोसणारी बाई चारचौघांच्या नजरेस पडू नये, तिला दृष्ट लागेल, आणि सासऱ्यासमोर तर तिनं एरवीही डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत. त्या बायका जीपला घाबरत नव्हत्या. त्यांना तिच्यात बसायचं होतं, पण दिसायचं नव्हतं. मी भाषणं दिली, दोघींशी भांडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. ड्रायव्हर रोज जीप पुसायचा आणि आमच्या अंगणात ती नवरीसारखी चकचकीत, रिकामी उभी राहायची.

डॉक्टरांना मी म्हटलं, हिला दारं लावून घेते. ते म्हणाले, "लावा. पण सरकारी गाडी आहे, तिला एकही भोक पाडायचं नाही. मला नंतर उत्तर द्यावं लागेल."

मी काकाजींना बोलावून आणलं. त्यांनी जीपभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून पोट पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दार लावतो. पन घर कुठी हाये?"

"म्हणजे?"

"दार घराले असते, बाई. हे तं नुसतं अंगन हाये. चाकावरचं अंगन. पयले घर करा लागते."

"मग करा," मी म्हटलं. त्या दोन शब्दांनी पुढचे तीन आठवडे माझी काय दशा होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

पहिली अडचण ड्रायव्हरची निघाली. हा गृहस्थ नागपूरकडचा, लढाईत जीप चालवून आलेला, आणि जीपला दार ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. "अहो बाई, जीप काऊन चांगली? तिच्यातून उडी मारता येते. मी तिकडे दोनदा उडी मारली म्हनून आज तुमच्यासमोर उभा हाव."

"इथं कोन बाँब टाकून राह्यलं तुह्यावर?" काकाजींनी विचारलं. "पाटील?"

 त्यानंतर ड्रायव्हर काकाजींना "इंजिनेर सायब" म्हणू लागला आणि काकाजी त्याला "उडी" म्हणू लागले. शेवटपर्यंत दोघांनी एकमेकांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मग माप. रिकाम्या जीपचं माप घ्यायला त्यांनी नकार दिला. "रिकामी बंडी अन् भरली बंडी एक असते का? भरली का अंग टाकते. माप भरल्या गाडीचं." म्हणून भर दुपारी दवाखान्याच्या अंगणात, जागच्या जागी उभ्या असलेल्या जीपमध्ये ड्रायव्हर, मी, काकी आणि सरकीची दोन पोती असे आम्ही बसलो. काकाजी दोरी लावत, गाठ मारत, लांब जाऊन पाहत, परत येऊन गाठ सोडत. मध्येच म्हणत, "बाई, पेशंट व्हा." मग मी मागच्या बाजूला पाय पसरून आडवी व्हायची. येणारे-जाणारे थांबून विचारत, "बाईले काय झालं?" काकाजी सांगत, "काई नाई. माप चालू हाये." ऊन कलेपर्यंत हा प्रकार चालला. ड्रायव्हर म्हणाला, की लढाईतही तो इतका वेळ एका जागी बसला नव्हता.

जीपला भोक पाडायचं नाही, हा हुकूम काकाजींना मात्र फार आवडला. लोखंडाला भोक पाडून दार टांगणं त्यांना मुळातच हलकं काम वाटत असावं. त्यांनी जुन्या सागाच्या तुळईतून जीपच्या दोन्ही बाजूंना चक्क चौकटी केल्या. जीपच्या कडेला लाकडी जबड्यांनी पकडून, मध्ये चामडं घालून, पाचरी ठोकून त्या घट्ट बसवल्या. दारं खुंटांवर टेकलेली. एक पाचर काढली की दार चार बोटं वर उचलून अलगद हातात यावं अशी. मागची बाजू गावच्या शिंप्यानं जाड कापडानं तिन्हीकडून शिवून बंद केली. ड्रायव्हरच्या पलीकडचं दार उघडायचं, पुढची बैठक वाकवायची आणि तिथून मागे जायचं, अशी वाट ठेवली. दाराच्या वरच्या भागालाही आतून कापड होतं. हवं तर वर बांधावं, हवं तर खाली सोडावं.

आणि खाली उंबरठा. तळहाताएवढा रुंद, सागवानी, त्यावर मध्यभागी छोटं कमळ कोरलेलं. ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला.

"इंजिनेर सायब, जीपले उंबरठा कायले?"

"बायका चढतीन तं पाय कुठी ठेवतीन? तुह्या डोक्यावर?"

दारं बसली त्या दिवशी काकी भांडायला आल्या. त्यांना आत बसवून काकाजी बाहेर उभे राहिले. काकींनी डोळे मिटले, काहीतरी फार जुनं आठवलं असावं, आणि दार असं लावलं की सबंध जीप हलली आणि झाडावरचे कावळे उडाले. काकाजींनी डोळे उघडले नाहीत. आतून काकींचा आवाज आला, "हलकं वाटते." मी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, इतकी देखणी जीप जिल्ह्यात दुसरी नसेल. लोखंडाच्या हिरव्या अंगाला तेल पाजलेल्या सागाची दारं, त्यांवर पितळी कड्या. मी आनंदानं दार उघडायला गेले.

ते उघडेना. मी ओढत होते आणि ते हलत नव्हतं.

"ढकला," काकाजी म्हणाले.

मी ढकललं. दार आत उघडलं.

आता जीपमध्ये पुढच्या बैठकीसमोर माणसाचे गुडघे असतात. दार आत उघडायचं तर ते गुडघ्यांतून उघडणार. ही एवढी गोष्ट तीन आठवड्यांत मला, ड्रायव्हरला, शिंप्याला, कुणालाच सुचली नव्हती. आणि काकाजींना ती सुचूनही काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "काकाजी, हे बाहेर उघडायला हवं होतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना देवळाच्या दारात चपला घालून उभं राहायला सांगितलं. "पाय जरा तिकडं घ्या लागते," ते म्हणाले आणि वाकस, रंधा गोळा करून घरी गेले.

पाय ड्रायव्हरच्या बाजूला घेतले, अंग आखडलं, की बसता येत होतं हे खरं. मी विचार केला, चालवून घेऊ. आणि त्याच आठवड्यात वरच्या ऑफिसातून साहेब तपासणीला आले.

साहेब अंगानं चांगले भरलेले होते. त्यांची मोटार वाटेत बिघडली म्हणून देवळीपर्यंत आमच्या जीपनं त्यांना सोडायचं ठरलं. त्यांनी दारांचं कौतुक केलं, उंबरठ्याला हात लावून पाहिलं, मग पाय ड्रायव्हरकडे घेऊन कसेबसे बसले. दार लागलं. त्यानंतर त्यांच्या शिपायानं फायलींची पत्र्याची पेटी पलीकडच्या बाजूनं आणून नेमकी त्यांच्या पायाशी सरकवली. जीप निघाली आणि गावच्या चौकात येऊन बंद पडली. साहेब म्हणाले, "मी जरा उतरतो." पण पेटीमुळे पाय हलेनात, पायांमुळे पेटी निघेना आणि दोन्हींमुळे दार उघडेना. ड्रायव्हरच्या बाजूनं निघावं तर मध्ये गिअरचे दांडे आणि साहेबांचं पोट.

"बाई, ह्या दाराची किल्ली कुठे आहे?" साहेबांनी मला शांतपणे विचारलं. त्यांचा तो शांतपणा मला अधिक भीतिदायक वाटला.

कुठली पाचर काढायची हे फक्त काकाजींना ठाऊक, आणि काकाजी त्या दिवशी देवळीच्या बाजाराला गेलेले. ते येईपर्यंत साहेब चौकात दाराआड बसून राहिले. गाव गोळा झालं. कुणी त्यांना चहा आणला, कुणी पंखा. माणसं चार हात लांब उभी राहून पाहत होती, पण म्हाताऱ्या बायका मात्र हळूहळू जवळ सरकल्या. एक जण जीपला वळसा घालून आली, वाकून पाहिलं, पुन्हा वळसा घातला आणि दुसरीला म्हणाली, "पाह्य वो, गळ्याच्या खालचं काई म्हंता काईच दिसत नाई."

दुसरी म्हणाली, "वरचं फडकं सोडलं तं गळाई दिसनार नाई."

साहेबांनी हे ऐकलं. त्यांना राग यायच्या ऐवजी कुतूहल वाटलेलं दिसलं, कारण त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, की ह्या बायका काय बोलताहेत. मी सगळं सांगितलं. दोन महिन्यांची रिकामी जीप, सासरे, तट्ट्या, सगळं. काही लपवलं नाही.

काकाजी आले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही पाहिलं नाही. पाचर काढली, दार चार बोटं वर उचललं आणि बाजूला घेतलं. साहेब पाय झटकत उतरले.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"आत का उघडतं?"

"दार हाये म्हनून," काकाजी म्हणाले.

साहेब जाताना मला म्हणाले, "एक महिना देतो. दारं बाहेर उघडली पाहिजेत आणि जीपमधून बायका गेल्या पाहिजेत. नाहीतर जीप मी दुसरीकडे देईन. तिची गरज असलेली गावं पुष्कळ आहेत." त्यात अन्याय काहीच नव्हता. रिकाम्या जीपसाठी मी तरी काय तोंडानं भांडणार होते? पण ती बंडीतली बाई मला आठवली.

दार फिरवणं हे काम फार तर दोन दिवसांचं. काकाजींनी मात्र सरळ नकार दिला. रोज सकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायची आणि ते मला चहा पाजून परत पाठवायचे. "तुमी म्हनसान तं मोडून टाकतो. पन बाहीर उघडणारं दार माह्या हातून होनार नाई." मी रागावले. मी त्यांना हट्टी म्हटलं, बह्याड म्हटलं, वयाचा मान ठेवला नाही. ते ऐकून घेत. चौथ्या दिवशी काकीच म्हणाल्या, "बाई, तुमी त्याईले रागावू नका. त्याईले समजावून सांगा."

मी म्हटलं, इतके दिवस मग मी काय करते आहे? पण घरी जाता जाता लक्षात आलं, की खरोखरच मी त्यांना समजावलं नव्हतं. मी फक्त गुडघ्यांबद्दल बोलत होते.

पाचव्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काकाजी, बाई जीपमधून कुठे येते?"

"वर्ध्याहून येते."

"येऊन कुठे शिरते?"

"घरी शिरते. अजून कुठी?"

"मग घर कुठल्या अंगाला झालं? जीपमध्ये की जीपच्या बाहेर?"

काकाजी हातातला रंधा तसाच धरून बसले.

"जीपमध्ये कुणी राहायला जात नाही," मी म्हटलं. "जीप ही वाट आहे. घर इकडे आहे. बाळ घेऊन बाई परत आली, की ती जीपमधून गावात शिरणार. दारानं मागे सरून तिला जागा द्यायची तर ते कुठे सरायला हवं?"

 ते उठून दवाखान्याकडे चालू लागले, मी मागे मागे. जीपजवळ जाऊन ते आधी बाहेर उभे राहिले. मग आत जाऊन बसले आणि तिथून गावाकडे पाहत राहिले. उतरले, पुन्हा बसले. ड्रायव्हर काहीतरी बोलायला लागला तर मी त्याला हातानं गप्प केलं.

"म्हंजे गाव हे घर," काकाजी शेवटी म्हणाले, "अन् गाडी बाहीर."

"हो."

"मंग तं म्या दार उलटं लावलं!" ते ओरडले. चूक सापडल्यावर इतका आनंदित झालेला माणूस मी पाहिलेला नाही. ते स्वतःच्या कपाळावर हात मारून हसत होते. "बुढ्या, तीस वर्सं दारं केली अन् गाडीचं दार उलटं लावलं!" त्याच दिवशी पाचरी निघाल्या. डाव्या बाजूचं दार उजवीकडे गेलं, उजव्या बाजूचं डावीकडे, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दारं बाहेर, म्हणजे काकाजींच्या हिशेबानं आत, उघडू लागली.

महिन्यातले दहा-बारा दिवस उरले होते तेव्हा शेजारच्या वस्तीतून निरोप आला. पहिलटकरीण, मूल आडवं. मी तपासलं आणि सांगितलं, वर्ध्याला न्यावं लागेल, आत्ता. तिची सासू ही तीच, मला वारा हाये म्हणून सांगणारी. ती आधी एकटीच बाहेर आली. तिनं जीपचं दार उघडलं, लावलं, आत जाऊन बसली, कापड सोडलं, बांधलं. बाहेर येऊन उंबरठ्यावर हात फिरवला. सून आत कण्हत होती आणि मला एक एक क्षण जड जात होता, पण मी तिला घाई केली नाही.

"आना सूनले," सासू म्हणाली.

सासरे रीतीप्रमाणे पाठ फिरवून उभे होते. आम्ही तिला चादरीत धरून आणली, मागे निजवली, मी तिच्याजवळ बसले, सासू पुढे बसली, दार लागलं. सासरे अजून पाठ करूनच उभे. थोड्या वेळानं त्यांनी न वळता विचारलं, "अजून बसली नाई का?"

"केव्हाच बसली," ड्रायव्हर म्हणाला. म्हातारा वळला, जीपकडे पाहिलं, आणि त्याला आतलं कुणीही दिसलं नाही. "जा मंग," तो म्हणाला.  "लवकर जा, बाप्पा."

आम्ही तासाभरात वर्ध्याला पोचलो. वाटेत दार एकदाही खडखडलं नाही. मुलगी झाली आणि दोघी जगल्या. मी मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडले आणि ड्रायव्हर माझ्यासाठी कुठूनतरी भजी घेऊन आला.

बाराव्या दिवशी आम्ही त्यांना परत आणलं तेव्हा वस्तीच्या तोंडाशीच काकाजी उभे होते. जीप थांबली. आजीबाई, म्हणजे तीच सासू, भाकरतुकडा घेऊन घराच्या दाराकडे निघाल्या तर काकाजींनी त्यांना अडवलं.

"कुठी चालल्या? इथंच ओवाळा."

"इथं? रस्त्यात? घर तं तिकडं हाये."

"घर इथूनच सुरू होते," काकाजी म्हणाले आणि त्यांनी दार उघडून धरलं. म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाद घालण्यापेक्षा ओवाळणं सोपं म्हणून तिथेच भर रस्त्यात नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळंतीण उंबरठा ओलांडून खाली उतरली. तिच्या मागून तिची शेजारीण, सहा महिन्यांची गरवार, हळूच जीपमध्ये चढली. म्हणाली, "मी नुसती बसून पाह्यतो." तिनं दार लावून घेतलं. मग तिची जाऊ चढली. मग आणखी दोघी. मग ज्यांची बाळंतपणं केव्हाच आटोपली होती अशा चार म्हाताऱ्या. बाहेर रांग लागली. पुरुषांना जवळ यायला बंदी झाली. ड्रायव्हर, तोच दारांना नावं ठेवणारा, आता प्रत्येकीसाठी अदबीनं दार उघडत होता, लावत होता आणि "हळू, माय, उंबरठा हाये" म्हणून बजावत होता.

मी घाई करू लागले. मला देवळीला औषधं आणायला जायचं होतं. काकाजींनी मला थांबवलं. ते जीपला पाठ लावून उभे होते. दारं बंद, कापडं सोडलेली. आतलं कुणी दिसत नव्हतं, नुसतं बायकांचं हसू ऐकू येत होतं, एकीचं संपलं की दुसरीचं.

"आता नाई निघत बाई ही गाडी गावातून," ते म्हणाले. "भरली."